सायकलवर नाव नाही? तिचा कारखाना असा शोधा

माळ्यावर, जिन्याखाली किंवा गावाकडच्या पडवीत अनेक घरांत एखादी जुनी सायकल उभी असते. टायर बसलेले, सीटचे चामडे फाटलेले, साखळी गंजून एकजीव झालेली. आजोबा तिच्यावरून कचेरीत जायचे, एवढे घरात सगळ्यांना माहीत असते. पण ती कुठल्या कंपनीची, असे विचारले की एक काका म्हणतात रॅले, दुसरे म्हणतात हर्क्युलस आणि आत्या ठामपणे सांगते, ‘‘ते काही मला माहीत नाही, पण विलायती होती!’’ पुढच्या नळीवरचा बिल्ला केव्हाच गळून पडलेला असतो आणि दांडीवरचे नाव दोन-तीन रंगांच्या थरांखाली गेलेले असते.

अशा सायकलीचे पुढे सहसा दोनपैकी एक होते. एक तर ती किलोच्या भावाने भंगारात जाते. नाही तर कोणी हौशी नातू ती उचलतो, वाळूच्या फवाऱ्याने स्वच्छ करतो, चकचकीत काळा रंग देतो आणि बाजारात मिळणारे एखाद्या प्रसिद्ध कंपनीचे स्टिकर लावून घेतो. पहिल्या प्रकारात सायकल जाते. दुसऱ्या प्रकारात सायकल राहते, पण तिची ओळख जाते आणि तिच्या जागी एक खोटी ओळख येते.

खरे तर नाव नसलेली फ्रेमही बरेच काही सांगत असते. फक्त तिला प्रश्न योग्य क्रमाने विचारावे लागतात. गाण्याचा जाणकार आवाज ऐकून आधी घराणे ओळखतो आणि मग गायकाच्या नावाकडे येतो. सायकलीचेही तसेच आहे. आधी देश, मग घराणे, मग काळ आणि सर्वांत शेवटी नाव. तुमच्या घरी अशी सायकल असेल तर हा शोध कसा घ्यायचा, ते पाहू या.

आधी हात आवरा

जुनी वस्तू हाती आली की आपला पहिला विचार असतो, ‘जरा घासूनपुसून लख्ख करू.’ इथे नेमके तेच करायचे नाही. रंगाचे थर, गंजात अडकलेला नंबर, नळीवरची पुसट अक्षरे हे सगळे पुरावे आहेत. सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंग केल्यावर ते परत मिळत नाहीत. पत्र्यावर हलकेच ठोकलेला नंबरही जाड रंगाखाली बुजून जातो.

म्हणून सुरुवात मोबाइलच्या कॅमेऱ्याने करा. संपूर्ण सायकल दोन्ही बाजूंनी, मग प्रत्येक सांधा, चिमट्याचा वरचा भाग, मागच्या चाकाचे दोन्ही कान, पेडलच्या दांड्यांमधली नळी आणि तिचा खालचा भाग. संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत टॉर्च नळीला जवळजवळ समांतर धरा आणि प्रकाश तिरपा पाडा. वरून रंग दिलेला असला तरी खालच्या अक्षरांचा उंचवटा कधी कधी सावलीत दिसतो. मूळ नाव उन्हात पुसले गेले असेल, तरी त्याखालचा रंग आजूबाजूपेक्षा थोडा गडद राहतो आणि अक्षरांची आकृती लक्षात येते.

मूळ रंग पाहायचा असेल तर तो उघड्यावर शोधू नका. हँडल काढल्यावर दिसणारी जागा, क्लॅम्पच्या खाली झाकलेली पट्टी, पेडलच्या नळीची खालची बाजू अशा ठिकाणी तो टिकून असतो.

एक सावधगिरी मात्र घ्या. जुन्या रंगांमध्ये शिसे असू शकते. तो कोरडा घासून धूळ उडवू नका, मुलांना जवळ बसवू नका आणि लहानसा भाग तपासायचाच असेल तर पाणी लावून घासा, मास्क घाला. काढलेला प्रत्येक भाग, अगदी गंजका बोल्टही, चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा. त्याची साक्ष पुढे लागणार आहे.

एकाच खुणेवर विश्वास का ठेवू नये?

नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो. सायकलवर कुठे तरी एखादे नाव ठोकलेले दिसते आणि ‘सापडले!’ असे वाटते. पण सायकल हा एकाच कारखान्यात पहिल्या खिळ्यापासून शेवटच्या रंगापर्यंत तयार होणारा पदार्थ क्वचितच होता. फ्रेम बांधणारे अनेक जण नळ्या एकाकडून घेत, सांध्यांची टोपणे दुसऱ्याकडून आणि मागच्या चाकाचे कान तिसऱ्याकडून.

बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सचे उदाहरण घ्या. टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशी नळी बनवण्याचे पेटंट या घराण्याने १८९७ साली घेतले. १९३५ साली त्यांची ‘५३१’ ही प्रसिद्ध नळी आली. पुढची अनेक दशके इंग्लंडमधल्या मोठ्या कारखान्यांपासून ते एका खोलीत काम करणाऱ्या कारागिरांपर्यंत शेकडोंनी ती वापरली. त्यामुळे नळीवर ‘रेनॉल्ड्स ५३१’ दिसले तर कापड कुठल्या गिरणीचे ते कळते, शिंपी कोण ते कळत नाही.

इटलीच्या कॅम्पान्योलोचेही तसेच. मागच्या चाकाच्या कानांवर हे नाव कोरलेले असले म्हणजे सायकल कॅम्पान्योलोची होत नाही. ते कान जगभरच्या फ्रेम बांधणाऱ्यांनी विकत घेऊन लावले आहेत. फ्रान्सच्या नर्व्हेक्स कंपनीची नक्षीदार टोपणे, लंडनच्या चेटर-ली कंपनीचे सांधे यांनाही हाच नियम.

आपल्याकडे सर्वांत जास्त फसवणारी खूण म्हणजे बीएसए. तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचे हे चिन्ह जुन्या सायकलींवर वारंवार दिसते. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मुळात बंदुका बनवणारी कंपनी. ती स्वतःच्या सायकली बनवायचीच, पण हब, चेनव्हील, बेअरिंगचे कप असे सुटे भागही इतर सायकल कारखान्यांना विकायची. तेव्हा एखाद्या भागावर तीन बंदुका दिसल्या तर तो भाग बीएसएचा आहे, एवढेच म्हणता येते. फ्रेमबद्दल अजून काहीच ठरलेले नसते.

आटे सांगतात घराणे

मग खोटे न बोलणारी साक्ष कोणाची? आट्यांची. नाव पुसता येते, बिल्ला बदलता येतो, पण फ्रेमच्या आत कापलेले आटे बदलणे सोपे नसते. आणि वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळे आटे वापरले.

पेडलचे दांडे ज्या आडव्या नळीतून जातात, तिला दुकानात बीबी म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना छर्रे धरणारे कप बसवलेले असतात. ते काढून मोजले की देश बऱ्यापैकी कळतो.

• इंग्रजी पद्धत : व्यास १.३७ इंच, एका इंचात २४ आटे. नळीची रुंदी साधारण ६८ मिलिमीटर. उजव्या बाजूचा कप उलट्या आट्याचा.

• इटालियन पद्धत : व्यास ३६ मिलिमीटर, इंचाला २४ आटे, रुंदी ७० मिलिमीटर. दोन्ही कप सरळ आट्यांचे.

• फ्रेंच पद्धत : व्यास ३५ मिलिमीटर, दोन आट्यांमध्ये १ मिलिमीटर अंतर. दोन्ही कप सरळ आट्यांचे.

• स्विस पद्धत : माप फ्रेंचांसारखेच, पण उजवा कप उलट्या आट्याचा.

• रॅले पद्धत : व्यास इंग्रजीसारखाच, पण इंचाला २६ आटे. नळीची रुंदी बहुधा ७१ किंवा ७६ मिलिमीटर. उजवा कप उलट्या आट्याचा.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने आपल्या सायकलींसाठी बाकीच्या इंग्लंडपेक्षा वेगळे, २६ आट्यांचे माप वापरले. हँडलच्या नळीवरही त्यांचे आटे २६ चेच, तर नेहमीच्या इंग्रजी सायकलींवर २४ चे. म्हणून काळ्या, सळईच्या ब्रेकच्या, २८ इंची चाकांच्या सायकलीत २६ आटे निघाले तर ती रॅले घराण्यातली असण्याची शक्यता एकदम वाढते.

पण ‘घराणे’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. रॅलेने हंबरच्या सायकली १९३२ साली आणि रजच्या सायकली १९४३ साली आपल्याकडे घेतल्या. बीएसएचा सायकलींचा धंदा १९५७ साली त्यांच्याकडे आला. त्यानंतर एकाच छपराखाली तयार झालेल्या फ्रेमवर वेगवेगळ्या नावांचे बिल्ले लागत. म्हणजे आटे कारखान्याच्या परंपरेकडे बोट दाखवतात, बिल्ल्यावरच्या नावाकडे नव्हे.

आटे मोजायला थ्रेड गेज नावाची पात्यांची छोटी जुडी मिळते. लेथवर काम करणाऱ्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये ती असते. तिथे कप घेऊन गेलात तर दोन मिनिटांत काम होते. कप काढताना मात्र घाई नको. कॉटर पिन हातोडीने ठोकून वाकवण्याआधी दोन दिवस तेल मुरू द्या. आणि उजवा कप निघत नसेल तर जोर लावण्यापूर्वी आठवा, तो उलट्या आट्याचा असू शकतो. अशा वेळी आपण काढतो आहोत असे समजून तो आणखी घट्ट करत असतो.

नळ्यांची मापे

व्हर्निअर कॅलिपर मिळाला तर दुसरी साक्षही घ्या. इंग्रजी पद्धतीच्या फ्रेममध्ये वरची दांडी साधारण २५.४ मिलिमीटर म्हणजे बरोबर १ इंच जाडीची असते आणि सीटखालची नळी २८.६ मिलिमीटर. जुन्या फ्रेंच फ्रेममध्ये हीच मापे २६ आणि २८ मिलिमीटर निघतात. फरक डोळ्यांना दिसत नाही, पण कॅलिपरला लगेच कळतो. मात्र रंगाच्या थरांची जाडी त्यात मिसळते, म्हणून रंग उडालेल्या जागी मोजा.

सीटचा दांडा किती जाड आहे, यावरून नळीची प्रत समजते. बाहेरचा व्यास तोच राहतो, त्यामुळे आतला दांडा जितका जाड, तितकी नळी पातळ आणि म्हणून सहसा भारी प्रतीची. इंग्रजी मापाच्या चांगल्या ५३१ फ्रेममध्ये २७.२ मिलिमीटरचा दांडा बसतो. रोजच्या वापराच्या जाड नळीच्या सायकलींत तो बहुधा २५.४ मिलिमीटरचा असतो. आजोबांची सायकल साधी होती की शर्यतीच्या जातीची, याचे उत्तर इथे मिळून जाते.

नंबर शोधा, पण त्याला देव मानू नका

फ्रेमचा नंबर बहुधा तीन ठिकाणी सापडतो : सीटखालच्या सांध्यावर, बीबीच्या खाली किंवा मागच्या चाकाच्या कानावर. काही कारागीर तोच नंबर चिमट्याच्या वरच्या नळीवरही ठोकत. चिमटा बाहेर काढल्यावर तो दिसतो. दोन्ही नंबर जुळले तर फ्रेम आणि चिमटा जन्मापासून एकत्र आहेत, हे कळते. ही मोठीच गोष्ट आहे, कारण धडक झाली की आधी वाकतो आणि बदलला जातो तो चिमटाच.

गंजलेला नंबर वाचण्याची युक्ती आपल्याला चांगलीच माहीत आहे. गाडीच्या कागदपत्रांसाठी चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात ना, अगदी तसेच. पातळ कागद आणि मऊ पेन्सिल घ्या. डोळ्यांना न दिसणारा आकडाही कागदावर उमटतो.

नंबर मिळाला की तो जसाच्या तसा लिहा. आधी अक्षर आहे का, आकडे किती, ते किती मोठे, समोरून वाचता येतात की मागून, सरळ रेषेत आहेत की हाताने एकेक ठोकल्यासारखे वेडेवाकडे? कारखान्यातला ठसा एकसारखा असतो, एकट्या कारागिराचा थोडा डुलणारा. या तपशिलांना आकड्याइतकेच महत्त्व आहे. सारखाच आकडा अनेक कंपन्यांच्या सायकलींवर असू शकतो, पण आकड्याची जागा आणि ठेवण सहसा एका कारखान्याची सवय असते.

भाड्याने सायकली देणारी दुकाने आपले नंबर मडगार्डवर आणि फ्रेमवर रंगवत, हेही ध्यानात असू द्या. रंगवलेला नंबर म्हणजे कारखान्याचा नंबर नव्हे.

काळ सांगणारे भाग

आता पिशवीत जपून ठेवलेले गंजके भाग बाहेर काढा. तीन गिअरची सायकल असेल तर मागच्या हबवरचा मळ पुसा. नॉटिंगहॅमच्याच स्टर्मी-आर्चर कंपनीच्या अनेक हबवर मॉडेलच्या अक्षरांबरोबर वर्ष आणि महिना कोरलेला असतो. ५८ आणि ७ असे आकडे दिसले तर हब १९५८ सालच्या जुलैचा. शर्यतीच्या सायकलींवर कॅम्पान्योलो हबच्या नटावर वर्षाचे शेवटचे दोन आकडे मिळू शकतात. जपानच्या शिमानो कंपनीच्या १९७६ नंतरच्या अनेक भागांवर दोन इंग्रजी अक्षरे असतात. पहिले वर्षाचे, दुसरे महिन्याचे. १९७६ साठी ‘ए’, १९७७ साठी ‘बी’ असा तो क्रम पुढे जातो.

एखाद्या भागावर आयएसआयची खूण असेल तर तो भाग भारतात बनलेला आणि स्वातंत्र्यानंतरचा, हे उघड आहे.

पण चाके बदलतात, पेडल बदलतात, चेनव्हील झिजते. एका भागाची तारीख म्हणजे फ्रेमची तारीख नव्हे. तीन वेगवेगळे भाग साधारण एकाच काळाकडे बोट दाखवू लागले, तर मात्र तो काळ धरून चालायला हरकत नाही. आणि मागच्या दोन कानांमधले अंतर मोजायला विसरू नका. शर्यतीच्या फ्रेममध्ये १२० मिलिमीटर निघाले तर पाच गिअरचा काळ, १२६ निघाले तर सहा-सात गिअरचा. चाक कितीही वेळा बदलले तरी फ्रेमची ही सवय सहसा तशीच राहते.

कारागिराच्या हाताची सही

देश कळला, घराणे कळले, काळ कळला. आता नावाकडे जाणारी शेवटची पायरी, ती म्हणजे डोळ्यांनी पाहायचे काम.

नळ्या जिथे एकत्र येतात, तिथे लोखंडी टोपण असते. त्याला लग म्हणतात. त्यात नळ्या घालून पितळ वितळवून त्या जोडल्या जातात. टोपणाच्या कडा पाहा. जाड आणि ओबडधोबड आहेत की कानशीने घासून कागदासारख्या पातळ केल्या आहेत? टोकाला बदाम, बाण, वेलबुट्टी असे काही कापले आहे का? सीटमागून खाली उतरणाऱ्या दोन बारीक नळ्यांची वरची टोके कशी बंद केली आहेत : सपाट, गोल की खोलगट? चिमट्याचा खांदा सपाट आहे की उतरता? एका कारागिराचा हात याच ठिकाणी ओळखू येतो, जसे चकलीच्या काट्यावरून ती कोणाच्या हातची हे घरात कळते.

काही कारखान्यांच्या खुणा तर दुरून ओळखू येतात. हंबरच्या दर्जेदार सायकलींचा चिमटा जोडनळ्यांचा असे. प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन बारीक नळ्या खाली उतरत. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याची आकृती कापलेली असे, रजच्या चेनव्हीलमध्ये हाताचा पंजा. लंडनच्या हेचिन्सने १९३० च्या दशकात मागच्या नळ्यांना लाटेसारखे वळण दिले. ब्रॅडफर्डच्या बेन्स कंपनीची ‘फ्लाइंग गेट’ सायकल फाटकासारख्या उभ्या नळीमुळे ओळखली जाते. बेट्सच्या चिमट्याला दुहेरी बाक असतो.

हा हौसेचा खेळ का झाला, याची एक गोष्ट सायकलप्रेमी सांगतात. त्या काळी इंग्लंडमधल्या हौशी स्पर्धकांवर जाहिरातीची कडक बंधने होती. छायाचित्रात सायकलवर कंपनीचे नाव दिसून चालत नसे. मग नाव न लिहिताही ओळखू येईल अशी फ्रेम बांधणे, हाच उपाय होता. हेचिन्सवाले मात्र आपल्या वळणांचे श्रेय धक्के शोषण्याच्या गुणाला देत. कारण काहीही असो, नाव नसलेली फ्रेमही ओळखता येते, याचा याहून चांगला दाखला नाही.

बिल्ला पडला असेल तरी त्याची भोके उरतात. ती एकाखाली एक आहेत की शेजारी शेजारी आणि त्यांच्यात नेमके किती मिलिमीटर अंतर आहे, हे मोजून ठेवा. संग्राहकाकडच्या बिल्ल्याशी ते जुळवून पाहता येते. दोनऐवजी चार भोके असतील तर बिल्ला केव्हा तरी बदलला गेला, असा अर्थ होऊ शकतो.

विलायती की इथलीच?

आता आत्याच्या ‘विलायती होती’ या म्हणण्याकडे वळू. स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडच्या सायकली मोठ्या प्रमाणावर इंग्लंडहून यायच्या, त्यामुळे तिचे म्हणणे खरे असू शकते. पण नावावरून ते सिद्ध होत नाही.

रॅले हे नाव नॉटिंगहॅमचे. पण स्वातंत्र्यानंतर बंगालमध्ये आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना उभा राहिला आणि रॅले सायकली भारतात तयार होऊ लागल्या. हर्क्युलस हे नाव बर्मिंगहॅमचे, १९१० पासूनचे. पण १९४९ साली स्थापन झालेल्या टीआय सायकल्सने मद्रासजवळच्या अंबत्तूरला हर्क्युलस बनवायला घेतली. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. सोनिपतला १९५१ साली अॅटलस आली, लुधियानात १९५६ साली हीरो. या सगळ्यांची रोजच्या वापराची काळी सायकल इंग्रजी रोडस्टरच्याच वळणावर घडली होती. म्हणून दहा पावलांवरून त्या बहिणी-बहिणी वाटतात.

ही गोष्ट कमीपणाची मुळीच नाही. दूधवाला, पोस्टमन, शिक्षक, गिरणी कामगार यांना ज्या सायकलींनी कामावर पोहोचवले, त्यांत या इथल्या सायकली फार मोठ्या संख्येने होत्या. आसनसोलची सेन-रॅले आज तयार होत नाही. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना तर ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद झाला. कारखाने असे मिटत जातात, तेव्हा घराघरांत उभ्या असलेल्या सायकली हीच त्यांची शिल्लक राहिलेली नोंदवही असते. ‘आमची विलायती नाही निघाली’ म्हणून खट्टू होण्याऐवजी ती नोंदवही नीट वाचून ठेवणे अधिक मोलाचे.

घरातले पुरावे

लोखंड तपासताना कागद विसरू नका. ट्रंकेत सायकलची पावती, दुकानाचे बिल मिळू शकते. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलींवर कर घेत आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा छोटा बिल्ला देत. त्यावर नंबर आणि वर्ष असे. इंदूर, बडोदा, बेळगाव, नागपूर, तुमचे कुटुंब जिथे राहत होते तिथला असा बिल्ला डब्यात पडलेला असेल, तर त्या वर्षी एक सायकल घरात होती हे तरी पक्के होते.

जुने फोटो मोठे करून पाहा. फोटोत सगळे जण माणसांकडे बघतात. तुम्ही मागे भिंतीला टेकलेल्या सायकलीकडे बघा. चेनव्हीलची नक्षी, बिल्ल्याचा आकार, चिमट्याचा खांदा हे सगळे त्या फोटोत असू शकते.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘कंपनी कोणती?’ असे थेट विचारू नका. त्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर येते. ‘सायकल कोणत्या दुकानातून आणली? तेव्हा तुम्ही कितवीत होता? रात्री दिवा कसला लावायचे? दांडीवर कोणाला बसवायचे?’ असे विचारा. आठवणी प्रसंगांना चिकटलेल्या असतात, नावांना नाही. दुकानाचे नाव आठवले की ते दुकान कोणाची एजन्सी चालवायचे, हा पुढचा धागा हाती लागतो.

उत्तर किती ठाम द्यायचे?

समजा, तुमच्या सायकलीत २६ आटे निघाले. बीबीची रुंदी ७६ मिलिमीटर. चिमटा साधा, जोडनळ्यांचा नाही. मागच्या हबवर ५३ हा आकडा. बिल्ल्याची दोन भोके एकाखाली एक. आणि १९५५ सालच्या लग्नाच्या फोटोत हीच सायकल दिसते. यावरून काय म्हणता येईल?

‘रॅले घराण्याची रोडस्टर, १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धातली. चिमट्यावरून हंबरची शक्यता कमी. नॉटिंगहॅमची की आसनसोलची, हे ठरायला आणखी पुरावा हवा.’ एवढेच म्हणावे आणि एवढे म्हणता येणे हे काही थोडके नाही. सुरुवातीला ‘एक जुनी काळी सायकल’ याखेरीज आपल्याकडे काहीच नव्हते.

इथून पुढे ‘१९५३ ची अस्सल इंग्लिश रॅले’ अशी उडी मारण्याचा मोह होतो. बाजारात तशी उडी मारून किंमत वाढवणारे असतात. नवे बिल्ले, नवी स्टिकरे सहज मिळतात. म्हणून जुनी सायकल विकत घेताना चकाकणाऱ्या नावापेक्षा आट्यांना आणि नंबराला अधिक मान द्या. विक्रेता बीबी उघडून दाखवायला तयार नसेल, तर नावासाठी जास्त पैसे मोजू नका.

आपल्या निष्कर्षाच्या तीन पायऱ्या करा : नक्की, बहुधा आणि शक्य. प्रत्येक गोष्ट त्यांपैकी एका पायरीवर लिहा. मग जाणकाराकडे जा. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे जुन्या सायकलींचे संग्रहालय आहे. तिथे अनेक काळांच्या सायकली शेजारी शेजारी पाहायला मिळतात आणि आपल्या फ्रेमशी तुलना करता येते. ब्रिटनमध्ये १९५५ पासून व्हेटरन-सायकल क्लब आहे, तिथे एकेका कंपनीचा अभ्यास केलेले सभासद आहेत. कोणालाही ‘ही कोणती सायकल?’ एवढाच प्रश्न एका फोटोसह पाठवू नका. मापे, आटे, नंबराचा कागदी ठसा आणि सांध्यांचे फोटो पाठवा. तयारीने विचारलेल्या प्रश्नाला मनापासून उत्तर मिळते.

मग सायकलीचे काय करायचे?

चालवा. नवे टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, ग्रीस यांना काहीच हरकत नाही, ते पुन्हा बदलता येतात. मूळ रंग थोडाफार शिल्लक असेल तर तो पुसून, मेण लावून राखा. रंग द्यायचाच असेल तर नंबराची जागा झाकून ठेवायला रंगाऱ्याला आधी सांगा आणि एखादा छोटा भाग जुन्या रंगासह तसाच सोडा. खात्री नसलेले नाव तिच्या दांडीवर लिहून घेऊ नका. नाव नसलेली दांडी प्रामाणिक दिसते.

शेवटी एक काम नक्की करा. सापडलेली सगळी माहिती एका कागदावर लिहा : मापे, नंबर, भागांच्या तारखा, कोणी कोणत्या साली कोणत्या दुकानातून आणली, तिच्यावरून कोण कुठे जात असे. तो कागद प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घालून, गुंडाळी करून सीटखालच्या नळीत सरकवा आणि सीटचा दांडा पुन्हा बसवा. त्याचा एक फोटो घरातल्या सगळ्यांना पाठवा.

आणखी चाळीस वर्षांनी कोणी तरी ती सीट काढेल. त्याला कंपनीचे नाव कदाचित तेव्हाही मिळणार नाही. पण सायकल कोणाची होती, हे त्याला कोणाला विचारावे लागणार नाही.